कवटीआडच्या मेंदूचे पहिले चित्र

सीटी स्कॅन येण्यापूर्वी जिवंत माणसाचा मेंदू प्रत्यक्ष पाहायचा तर कवटी उघडण्यावाचून दुसरा मार्ग नव्हता. विल्हेल्म राँटगेन यांनी ८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीतील वुर्झबर्ग येथे क्ष-किरणांचा शोध लावला आणि वर्षभराच्या आतच ठिकठिकाणचे डॉक्टर मोडलेली हाडे आणि शरीरात रुतलेल्या गोळ्या पाहू लागले. छातीच्या एक्स-रेने पुढे क्षयरोगाचे निदान पालटून टाकले. मेंदूने मात्र पाऊणशे वर्षे या किरणांना दाद दिली नाही.

त्याची कारणे दोन होती. एक्स-रेची प्लेट म्हणजे सावली. किरणांच्या वाटेत पुढे-मागे जे जे येते ते एकाच सपाट चित्रात एकमेकांवर पडते, आणि डोक्याच्या बाबतीत कवटीचे जाड हाड आतले सगळे झाकून टाकते. दुसरे कारण अधिक मूलभूत होते. मेंदूचा करडा भाग, पांढरा भाग, गाठ, सूज यांच्यात क्ष-किरण शोषण्याच्या क्षमतेचा फरक जेमतेम एक-दोन टक्क्यांचा असतो. एवढा बारीक फरक टिपणे फोटोच्या फिल्मला जमतच नाही.

म्हणून डॉक्टरांनी आडवाटा शोधल्या. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाचे शल्यविशारद वॉल्टर डँडी यांनी १९१८मध्ये कवटीला भोक पाडून मेंदूच्या पोकळ्यांत हवा भरली, आणि पुढच्याच वर्षी कण्यातून हवा वर सोडण्याची पद्धत काढली. कंबरेत सुई घालून मेंदूभोवतीचे पाणी काढायचे, त्या जागी हवा सोडायची आणि ती पोकळ्यांत नीट पसरावी म्हणून रुग्णाला खुर्चीत बांधून वेगवेगळ्या बाजूंना कलते करायचे, अशी ही तपासणी असे. असह्य डोकेदुखी आणि उलट्या ठरलेल्याच. हवा शरीरात जिरेपर्यंत हा त्रास काही दिवस टिके. इतके सोसूनही गाठ दिसत नसे. पोकळीचा आकार कुठे दबला आहे एवढेच दिसे आणि त्यावरून तिथे काहीतरी असावे असा तर्क बांधावा लागे. पोर्तुगालमधील एगास मोनिझ यांनी १९२७मध्ये मेंदूच्या धमन्यांत औषध सोडून त्यांची चित्रे घेतली. तिथेही रक्तवाहिनी जागेवरून सरकली असेल तर तिला कोणीतरी ढकलले असणार, हा तर्कच कामी येई. डोक्याला मार लागून बेशुद्ध झालेल्या रुग्णाच्या बाबतीत तर रक्त साचले आहे का हे पाहण्यासाठी शल्यविशारद कवटीला अंदाजाने भोके पाडत. पन्नास वर्षे मेंदूचे निदान असे चालले. त्या काळच्या डॉक्टरांचे कौशल्य थोरच, पण त्याची किंमत रुग्ण भरत होता.

यातून बाहेर पडण्याची वाट तीन माणसांना स्वतंत्रपणे सापडली, आणि तिघांपैकी एकही जण क्ष-किरणतज्ज्ञ नव्हता.

पहिले ॲलन कॉर्मॅक. केपटाउन विद्यापीठात ते भौतिकशास्त्र शिकवत. किरणोत्सारी द्रव्यांच्या वापरावर भौतिकशास्त्रज्ञाची देखरेख हवी असा दक्षिण आफ्रिकेतील कायदा होता. म्हणून १९५६मध्ये सहा महिने ते ग्रूट शूर रुग्णालयात अर्धवेळ जात होते. तिथे कर्करोगावरील किरणोपचाराची मात्रा ठरवताना हाड, फुप्फुस, स्नायू असा भेद न करता सगळे शरीर एकजिनसी धरले जाते, हे त्यांच्या लक्षात आले. शरीराच्या आत कुठे किती किरण शोषले जातात हे बाहेरून मोजता येईल का, असा प्रश्न त्यांना पडला. रोगनिदान तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे नव्हते. उपचाराची मात्रा अचूक कशी द्यायची, इतकेच होते. त्यांनी गणित मांडले, लाकडी कडे घातलेल्या ॲल्युमिनियमच्या चकतीवर ते तपासले आणि अमेरिकेत टफ्ट्स विद्यापीठात गेल्यावर १९६३ व १९६४ साली दोन निबंध प्रसिद्ध केले. वैद्यकजगताने त्यांची दखल घेतली नाही. निबंधाची प्रत मागणाऱ्या मोजक्या पत्रांत एक स्वित्झर्लंडच्या हिमप्रपात संशोधन केंद्राचे होते. बर्फाच्या थरांचा अभ्यास या रीतीने करता येईल असे तिथल्या लोकांना वाटले होते. याच प्रश्नाचे गणिती उत्तर ऑस्ट्रियन गणिती योहान राडॉन यांनी १९१७मध्येच देऊन ठेवले होते, हे कॉर्मॅक यांना पुष्कळ वर्षांनी कळले.

दुसरे विल्यम ऑल्डनडॉर्फ, लॉस एंजलिस येथील मेंदूविकारतज्ज्ञ. मेंदूत हवा भरण्याच्या तपासण्या त्यांनी स्वतः केल्या होत्या आणि त्या यातनांचा त्यांना मनापासून तिटकारा होता. थंडीने आतून सुकलेली संत्री न कापता वेगळी काढणारे यंत्र बनवू पाहणाऱ्या एका इंजिनिअरशी झालेल्या बोलण्यातून त्यांना कल्पना सुचली. प्लास्टिकच्या लहान ठोकळ्यात मधोमध दोन खिळे आणि कवटीसारखे भोवती लोखंडी खिळ्यांचे दाट रिंगण, असा नमुना त्यांनी केला. तो सरकवण्यासाठी खेळण्यातल्या आगगाडीचा रूळ आणि फिरवण्यासाठी साधी मोटर वापरली. रिंगणाआडचे खिळे कुठे आहेत हे त्यांच्या यंत्राने बरोबर ओळखले. १९६१मध्ये निबंध आला, १९६३मध्ये पेटंट मिळाले. ज्या एक्स-रे कंपनीकडे त्यांनी ही कल्पना नेली तिने मात्र, केवळ डोक्याचा छेद दाखवणाऱ्या एवढ्या महागड्या यंत्राला गिऱ्हाईक मिळणार नाही, असे कळवले.

तिसरे गॉडफ्रे हाउन्सफील्ड. इंग्लंडच्या नॉटिंगहॅमशायरमध्ये शेतकऱ्याच्या घरी १९१९मध्ये त्यांचा जन्म झाला. विद्यापीठाची पदवी त्यांच्याकडे नव्हती. युद्धकाळात हवाई दलात रडारचे काम शिकले, मग लंडनच्या एका तंत्रसंस्थेतून पदविका घेऊन ते ईएमआय कंपनीत लागले. ग्रामोफोनच्या तबकड्या आणि बीटल्सची गाणी यांसाठी ही कंपनी ओळखली जात असली, तरी रडार आणि इलेक्ट्रॉनिक्समध्येही तिचा दबदबा होता. ट्रान्झिस्टरवर चालणारा मोठा ब्रिटिश संगणक बनवणाऱ्या तिथल्या तुकडीचे नेतृत्व हाउन्सफील्ड यांनी केले होते. १९६७मध्ये, संगणकाला आकृत्या ओळखायला शिकवण्याच्या कामावर असताना, बंद पेटीच्या आरपार सर्व दिशांनी मोजमापे घेतली तर आत काय आहे ते काढता येईल, हा विचार त्यांच्या मनात पक्का झाला. कॉर्मॅक किंवा ऑल्डनडॉर्फ यांचे काम त्यांना ठाऊक नव्हते.

या विचाराचे मर्म छोट्या आकडेमोडीत दाखवता येते. दोन ओळी आणि दोन रकाने अशी चार घरे आहेत आणि प्रत्येकात एक दडलेला आकडा आहे. आकडे दिसत नाहीत, बेरजा तेवढ्या कळतात. आडव्या ओळींच्या बेरजा ७ आणि ५, उभ्या रकान्यांच्या ८ आणि ४. वरच्या घरांत ५ व २ आणि खालच्या घरांत ३ व २ असतील तर हे जुळते. पण वर ६ व १ आणि खाली २ व ३ असतील तरीही जुळते. आता वरच्या डाव्या घरापासून खालच्या उजव्या घरापर्यंतची तिरपी बेरीज मिळाली की निकाल लागतो. ती ७ असेल तर पहिली मांडणी खरी, ९ असेल तर दुसरी. सीटी स्कॅनमध्ये प्रत्येक किरण अशी एक बेरीज घेऊन बाहेर पडतो: वाटेतल्या सर्व पेशीजालांनी मिळून त्याला किती अडवले याची. दिशा जितक्या अधिक तितके उत्तर नेमके. हजारो घरे आणि हजारो बेरजा असल्या की हाताने हे गणित सोडवणे अशक्य होते, म्हणून संगणक हवा. राडॉनचे सूत्र पन्नास वर्षे पडून राहिले त्याचे हे एक कारण.

हाउन्सफील्ड यांचे पहिले यंत्र जोडजाड करून उभे राहिले होते. लेथच्या बैठकीवर किरणोत्सारी अमेरिशियम बसवले, समोर किरण मोजणारा ग्राहक (डिटेक्टर) ठेवला आणि मध्ये तपासायची वस्तू. किरण एकदा आडवा सरकला की वस्तू एक अंशाने फिरायची. किरण फारच क्षीण असल्याने २८,००० मोजमापे गोळा व्हायला नऊ दिवस लागले आणि त्यावरून चित्र काढायला मोठ्या संगणकाला अडीच तास. पुढे किरणोत्सारी द्रव्याऐवजी एक्स-रे नळी बसवल्यावर नऊ दिवसांचे काम नऊ तासांवर आले.

तज्ज्ञांकडून आलेला प्रतिसाद थंडच होता. ब्रिटनच्या आरोग्य खात्यातील अधिकाऱ्यांनी मात्र कल्पना गांभीर्याने घेतली, पैसा दिला आणि हाउन्सफील्ड यांना काही क्ष-किरणतज्ज्ञांकडे पाठवले. बीटल्सच्या कमाईवर सीटी स्कॅन जन्मला ही दंतकथा आजही ऐकू येते. प्रत्यक्षात विकासाच्या खर्चात सरकारी तिजोरीचा वाटा कंपनीच्या वाट्यापेक्षा मोठा होता आणि त्याचे श्रेय त्या अनाम कारकुनी यंत्रणेला मिळायलाच हवे. विंबल्डनच्या ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयातील डॉ. जेम्स अँब्रोज यांनी या कामात मनापासून साथ दिली. आधी जतन केलेल्या मानवी मेंदूचे चित्र घेतले गेले. त्यात करडा आणि पांढरा भाग इतका स्वच्छ वेगळा दिसला की सगळे हरखले. नंतर कळले की जतनासाठी वापरलेल्या फॉर्मॅलिनमुळे फरक वाढून दिसत होता. मग बैलांचे ताजे मेंदू आणून पुन्हा प्रयोग झाले. आता फरक कमी दिसला, पण दिसला. कामाची खरी परीक्षा तीच होती.

रुग्णांसाठीचे पहिले यंत्र ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात बसवण्यात आले आणि १ ऑक्टोबर १९७१ रोजी पहिल्या रुग्णाचा स्कॅन झाला. मेंदूच्या पुढच्या भागात गाठ असल्याचा संशय असलेली ती एक स्त्री होती. डोके पाण्याच्या पेटीत बसवलेल्या रबरी टोपीत घट्ट ठेवायचे आणि चार-पाच मिनिटे अजिबात हलायचे नाही, एवढेच रुग्णाला करायचे होते. ना सुई, ना हवा, ना भूल. एका अंशाच्या १८० पायऱ्या आणि प्रत्येक पायरीवर १६० मोजमापे, म्हणजे एका छेदासाठी २८,८०० आकडे. रुग्णालयात संगणक नव्हता. आकडे चुंबकीय फितीवर भरून ईएमआयच्या संगणकाकडे न्यावे लागत. परत आलेले चित्र ८० गुणिले ८० चौकोनांचे, आजच्या नजरेला अगदी भरड. पण त्यात मेंदूतील गोल काळसर गाठ स्पष्ट दिसत होती. शस्त्रक्रियेत ती जिथे अपेक्षित होती तिथेच सापडली. रोगाच्या खुणांवरून रोगाचा तर्क करण्याऐवजी रोगच डोळ्यांपुढे आला होता.

२० एप्रिल १९७२ रोजी लंडनमध्ये ब्रिटिश क्ष-किरणतज्ज्ञांच्या वार्षिक अधिवेशनात हाउन्सफील्ड आणि अँब्रोज यांनी हे काम जाहीर केले. १९७३च्या जूनमध्ये अमेरिकेतले पहिले यंत्र मेयो क्लिनिकमध्ये सुरू झाले आणि नंतर मागणीचा लोंढाच आला. किंमत लाखो डॉलर असतानाही मोठी रुग्णालये रांगेत उभी राहिली. कवटीत हवा भरण्याची तपासणी काही वर्षांत जवळपास नामशेष झाली. वैद्यकाच्या इतिहासात जुनी पद्धत इतक्या झटपट आणि इतक्या रास्तपणे बाद झाल्याची उदाहरणे थोडी आहेत.

सीटीने चित्रापेक्षाही मोलाची गोष्ट दिली, ती म्हणजे माप. प्रत्येक चौकोनाला एक आकडा मिळाला आणि पुढे त्या मोजपट्टीला हाउन्सफील्ड यांचेच नाव पडले. या पट्टीवर पाणी शून्य, हवा उणे १०००, चरबी उणे १००च्या आसपास, मेंदू साधारण ३० ते ४०, ताजे साकळलेले रक्त ६० ते ८० आणि घट्ट हाड हजाराच्या घरात. त्यामुळे डॉक्टर पडद्यावरच्या डागावर बोट ठेवून हे पाणी आहे, रक्त आहे की चरबी, हे आकड्यानिशी सांगू शकतो. मूत्रपिंडातील एखादी गाठ केवळ पाण्याने भरलेली निरुपद्रवी पिशवी आहे हे पुष्कळदा एवढ्या एका आकड्यावरून ठरते आणि रुग्णाची शस्त्रक्रिया टळते. युरिक ॲसिडचा मुतखडा साध्या एक्स-रेत दिसतच नाही. सीटीत तो चटकन सापडतो.

सुरुवातीचे यंत्र फक्त डोक्यासाठी होते, कारण चार-पाच मिनिटे स्थिर राहणारा अवयव तोच. छाती आणि पोट श्वासाबरोबर हलतात. वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउन विद्यापीठात रॉबर्ट लेडली यांनी १९७४मध्ये संपूर्ण शरीर तपासणारे यंत्र आणले. मूळचे ते दंतवैद्य, पण संगणकात रमलेले. पाठोपाठ मोठ्या कंपन्या उतरल्या. पंख्यासारखा पसरणारा किरण आणि शेकडो ग्राहकांची कमान यांमुळे एका छेदाचा वेळ काही सेकंदांवर आला. ईएमआयला हा वेग झेपला नाही. १९७९ साली हाउन्सफील्ड आणि कॉर्मॅक यांना वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. वैद्यकाची किंवा जीवशास्त्राची पदवी दोघांकडेही नव्हती आणि डॉक्टरेटही नव्हती. त्याच वर्षाअखेरीस तोट्यात गेलेली ईएमआय थॉर्न कंपनीने विकत घेतली आणि लवकरच तिचा स्कॅनरचा धंदा मोडीत निघाला. ऑल्डनडॉर्फ यांना नोबेलमध्ये वाटा मिळाला नाही. १९७५चे लास्कर पारितोषिक त्यांना हाउन्सफील्ड यांच्याबरोबर विभागून मिळाले होते, हे लक्षात घेतले तर त्यांना वगळणे हा अन्यायच म्हणावा लागेल.

पुढची मोठी झेप १९८०च्या दशकाअखेरीची. तोवर नळी एक फेरी मारून थांबे, टेबल थोडे सरके, मग पुढची फेरी. नळी अखंड फिरत ठेवून टेबलही अखंड सरकवले तर किरण शरीराभोवती मळसूत्रासारखा फिरतो. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ विली कालेंडर यांनी १९८९मध्ये ही पद्धत मांडली. पूर्ण छाती एका श्वासात तपासता येऊ लागली. १९९८च्या सुमारास एका फेरीत चार छेद घेणारी यंत्रे आली आणि २००४पर्यंत चौसष्ट. शिरेतून आयोडीनयुक्त औषध देऊन नेमक्या क्षणी स्कॅन केला की फुप्फुसाच्या धमनीत अडकलेली गुठळी, महाधमनीची फाटलेली भिंत, हृदयाच्या अरुंद झालेल्या धमन्या, सारे काही धमनीत नळी न घालता दिसू लागले. पोटात काय आहे ते पाहण्यासाठी पोट उघडण्याची जुनी रीत झपाट्याने मागे पडली.

एमआरआय आल्यावर मेंदूच्या बारकाव्यांसाठी सीटी मागे पडला, तरी तातडीच्या प्रसंगी पहिला मान आजही त्याचाच. पक्षाघाताच्या रुग्णाचे उदाहरण यासाठी पुरेसे आहे. हातपाय अचानक लुळे पडले, बोलणे अडखळले, तर कारण दोन असू शकतात: रक्तवाहिनीत गुठळी किंवा रक्तवाहिनी फुटून रक्तस्राव. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. उपचार मात्र उलटे. गुठळी विरघळवणारे औषध पहिल्या तीन तासांत दिले तर फायदा होतो हे १९९५मध्ये अमेरिकेतील मोठ्या चाचणीत दिसून आले आणि पुढे ही मुदत साडेचार तासांपर्यंत वाढली. पण तेच औषध रक्तस्रावाच्या रुग्णाला दिले तर ते जीव घेऊ शकते. सीटीत ताजे रक्त पांढरेशुभ्र दिसते. गुठळीच्या रुग्णाचा सीटी पहिल्या तासांत बऱ्याचदा जवळपास नॉर्मल असतो आणि नातेवाइकांना त्याचे आश्चर्य वाटते. त्या वेळी स्कॅनचे काम रक्त नाही हे दाखवण्याचे असते, आणि त्या नकारावरच उपचार उभा असतो.

सोयीबरोबर वापर वाढला आणि त्याबरोबर किरणांची मात्राही. छातीच्या एका एक्स-रेत सुमारे ०.१ मिलिसिव्हर्ट किंवा त्याहून कमी किरण मिळतात. डोक्याच्या सीटीत साधारण २, पोटाच्या सीटीत ८ ते १० मिलिसिव्हर्ट. निसर्गातून माणसाला जगात सरासरी वर्षाला २.४ मिलिसिव्हर्ट मिळतातच. एका स्कॅनचा धोका अगदी कमी. पण लहान मुलांच्या पेशी किरणांना अधिक संवेदनशील असतात आणि त्यांच्यापुढे आयुष्यही मोठे असते. २००० सालानंतर हा विषय ऐरणीवर आला, तेव्हा मुलांसाठी मात्रा कमी करण्याच्या मोहिमा निघाल्या आणि कमी किरणांत चांगले चित्र देणारी गणिते यंत्रांत आली. कमी मात्रेच्या सीटीचा मोठा लाभ २०११मध्ये सिद्ध झाला. दीर्घकाळ भरपूर धूम्रपान केलेल्या ५३,००० हून अधिक अमेरिकनांच्या चाचणीत, छातीच्या एक्स-रेच्या तुलनेत सीटीने तपासलेल्या गटात फुप्फुसाच्या कर्करोगाचे मृत्यू २० टक्क्यांनी कमी झाले.

महाराष्ट्राच्या घराघरांत सीटी पोचला तो करोनाच्या साथीत. २०२० आणि २०२१मध्ये ‘एचआरसीटी’ आणि ‘स्कोअर’ हे शब्द घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्याही तोंडी बसले. फुप्फुसांचे पाच खंड, प्रत्येकाला बाधेच्या प्रमाणात जास्तीत जास्त पाच गुण, मिळून २५पैकी हा स्कोअर काढला जाई. गर्दी आणि दर दोन्ही वाढल्यावर राज्य सरकारने सप्टेंबर २०२०मध्ये दर बांधून दिले: १६पेक्षा कमी स्लाइसच्या (म्हणजे एका फेरीतल्या छेदांच्या) यंत्रावर २,००० रुपये, १६ ते ६४ स्लाइसच्या यंत्रावर २,५०० आणि त्यापुढे ३,०००. आरटी-पीसीआरचा अहवाल यायला दिवस लागत होते, त्या काळात स्कॅनने अनेकांना वेळेवर रुग्णालयात पोचवले. उलट घशात खवखव एवढीच तक्रार असलेले लोकही आजाराच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच स्कॅनसाठी रांगा लावत, जेव्हा फुप्फुसात अजून काही उमटलेलेच नसे, आणि स्वच्छ अहवालाच्या भरवशावर निर्धास्त होत. सौम्य लक्षणे असताना आणि ऑक्सिजनची पातळी ठीक असताना सीटी करू नये, असा सल्ला दुसऱ्या लाटेत दिल्लीच्या एम्सच्या संचालकांना जाहीरपणे द्यावा लागला. एका सीटीतील किरणांची त्यांनी शेकडो एक्स-रेंशी केलेली तुलना आजच्या कमी मात्रेच्या यंत्रांना लागू पडत नाही, असा आक्षेप क्ष-किरणतज्ज्ञांच्या संघटनेने घेतला. मात्रेबद्दलचा हा आक्षेप रास्त होता. सौम्य रुग्णाला स्कॅनची गरज नाही, हा मूळ सल्लाही तितकाच बरोबर होता.